एमीचं मीटर डाउन

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. अमेरिकन टीव्हीच्या ७७व्या प्राइमटाइम एमी पुरस्कार सोहळ्याला माझ्याकडून पाचपैकी तीन. दोन विजेत्यांचे, एक कॅमेऱ्यांमागच्या मंडळींचा. सूत्रसंचालनाला भोपळा, आणि तो का, हे सांगायला जरा जागा लागेल.

माझी ओळख एवढीच की मी टीव्हीच्या कार्यक्रमांचं ऑनलाइन करते. ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, किंवा पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, बटणांच्या पॅनेलसमोर बसायचं, आठ-दहा कॅमेऱ्यांचे शॉट एकाच वेळी बघायचे आणि त्यातला कुठला घरच्या पडद्यावर जाणार, त्याचं बटण दाबायचं. लावणी महोत्सव, कबड्डी, राजकीय सभा, वाहिन्यांचे पुरस्कार सोहळे, सगळं केलंय. त्यामुळे रेड कार्पेटवर कुणी कुठला गाऊन घातला होता ते मला विचारू नका. नाव जाहीर झाल्यावर कॅमेरा विजेत्यावर वेळेत गेला की नाही, ते विचारा.

सोहळा झाला १४ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी संध्याकाळी, लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये. म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच. आमच्या मुलुंडच्या घरात त्या वेळी एकच माणूस जागं असतं, माझ्या सासूबाई. त्यांनी चहा टाकला, माझ्याही हातात कप दिला आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या. मराठी मालिका त्या ज्या एकाग्रतेनं बघतात तीच त्यांनी एमीलाही दिली. भाषेचा अडथळा त्यांना फारसा आला नाही. कोण खरं रडतंय आणि कोण खोटं, हे त्यांना कुठल्याही भाषेत कळतं.

एमी दाखवण्याचा मान अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार वाहिन्यांकडे आळीपाळीनं जातो. २०२५ ची पाळी सीबीएसची होती. सूत्रसंचालक नेट बर्गाट्झी. हा माणूस विनोदी कलाकार म्हणून उत्तमच आहे, शांत आवाजात, चेहऱ्यावरची इस्त्री न मोडता बोलणारा. सुरुवातीला त्यानं नेहमीचं स्वगत टाळलं आणि टीव्हीचा शोध लावणाऱ्या फिलो फार्न्सवर्थचा वेश घेऊन एक प्रहसन केलं. टीव्ही पुढे जाऊन काय काय दिवे लावणार आहे, हे फार्न्सवर्थ आपल्या सहकाऱ्यांना सांगतोय, अशी कल्पना. खऱ्या फार्न्सवर्थनं १९२७ साली आपल्या यंत्रातून पहिल्यांदा चित्र पाठवलं तेव्हा पलीकडे दिसली होती एक सरळ रेघ. तिथपासून इथपर्यंतचा प्रवास, कल्पना छान होती. तोपर्यंत माझे सगळे पाच गुण शाबूत होते.

मग त्यानं मीटर टाकलं.

योजना अशी. बॉईज अँड गर्ल्स क्लब्ज ऑफ अमेरिका या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला बर्गाट्झी १ लाख डॉलर देणार. प्रत्येक विजेत्याला भाषणाला ४५ सेकंद. त्याच्या वर बोललात तर दर सेकंदाला देणगीतून १००० डॉलर कमी, आणि आधी संपवलंत तर दर सेकंदाला १००० डॉलर जास्त. कागदावर झकास. वेळही वाचेल, हशाही पिकेल, पुण्यही लागेल. ज्या कुणी हे मीटिंगमध्ये मांडलं असेल त्याला टाळ्या मिळाल्या असणार, यात मला शंका नाही.

पडद्यावर आल्यावर त्याचं काय झालं? रिक्षात बसल्यावर पाहुणा रस्ता सोडून मीटरच बघत बसतो ना, तसे सगळे त्या आकड्याकडे बघायला लागले. विजेते, प्रेक्षागृह, घरी बसलेली मी, सगळेच. माणूस आपल्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट बोलतोय आणि मी मनातल्या मनात हजार, दोन हजार, तीन हजार मोजतेय. जॉन ऑलिव्हरनं आपलं भाषण सुपरफास्ट गाडीच्या वेगानं उरकलं, त्याची गंमत वाटली, कारण तो मुळात विनोदी माणूस आणि एमी त्याला नवीन नाही. अभिनेत्री हॅना आइनबाइंडर जास्त बोलली आणि वरचे पैसे मी भरते म्हणून मोकळी झाली. पण पहिल्यांदाच तिथं उभ्या राहिलेल्या माणसानं काय करावं? आईचं नाव घ्यावं की मुलांचे पैसे वाचवावेत?

सासूबाईंना मी योजना समजावून सांगितली तर त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे ही बोलली की तिकडे पोरांचा खाऊ कमी? कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

आकडा अर्थातच शून्याखाली गेला. शेवटी बर्गाट्झीनं स्वतःचे अडीच लाख आणि वाहिनीचे १ लाख असे मिळून साडेतीन लाख डॉलर जाहीर केले. म्हणजे देणगी द्यायची हे ठरलेलंच असणार. मग तीन तास ती टांगती तलवार कशाला?

आता धंद्यातली गोष्ट सांगते. असा तीन तासांचा कार्यक्रम रनडाउनवर, म्हणजे मिनिटा-मिनिटाच्या वेळापत्रकावर, चालतो. मुख्य रात्री मंचावर पंचवीसेक पुरस्कार दिले जातात. प्रत्येकी ४५ सेकंद धरले तरी सगळ्यांची मिळून भाषणं वीस मिनिटांच्या आत येतात. तीन तासांत वीस मिनिटं! उरलेला वेळ जाहिराती, पुरस्कार द्यायला आलेल्यांचे लिहून दिलेले विनोद, एव्ही म्हणजे छोट्या फिल्म, गाणी आणि जुन्या मालिकांच्या आठवणी खातात. आणि घड्याळ लावायचं कुणाला, तर त्या वीस मिनिटांना. कार्यक्रम लांबला की आमच्याकडेही टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या हेडफोनवर, पहिलं वाक्य हेच येतं, "भाषण आवरा." प्रायोजकाची फिल्म आवरा, असं मी आजवर ऐकलेलं नाही.

पूर्वी निदान लाजेकाजेस्तव वाद्यवृंद वाजायला लागायचा आणि माणूस हसत बाजूला व्हायचा. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या ७५व्या एमीत तर सूत्रसंचालक अँथनी अँडरसननं आपल्या आईलाच, डोरिसबाईंना, त्या कामावर बसवलं होतं. त्यांनी प्रेक्षकांतून आवाज दिला की समोरच्यानं आवरतं घ्यायचं. आईनं दटावलं तर कुणाला अपमान वाटत नाही. त्या रात्री सक्सेशन मालिकेसाठी जिंकलेल्या कीरन कल्किननं मंचावरून बायकोला आठवण करून दिली की मी जिंकलो तर आणखी एका मुलाचा विचार करू असं तू म्हणाली होतीस. हे वाक्य कुठला लेखक लिहून देणार? आणि अशा वाक्याला मीटर लावायचं म्हटलं तर दर काय लावणार?

तरीही दोन गुण विजेत्यांना, कारण मीटर धावत असतानाही त्यातले काही जण अस्सल बोलले.

समबडी समव्हेअर नावाच्या एका लहानशा, फार कुणी न पाहिलेल्या मालिकेसाठी जेफ हिलरला विनोदी मालिकेतल्या सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्याच गटात ८३ वर्षांचा हॅरिसन फोर्ड होता, आयुष्यातल्या पहिल्या एमी नामांकनासह. सगळ्यांच्या नजरा साहजिकच तिकडे. आणि नाव आलं हिलरचं. पंचवीस वर्षं मी जगाला सांगतोय की मला अभिनय करायचाय आणि जग मला सांगतंय की कॉम्प्युटरचं बघ काहीतरी, अशा अर्थाचं तो बोलला. सासूबाईंनी कप खाली ठेवला. "हा खरा," त्या म्हणाल्या.

सेव्हरन्स मालिकेतला ट्रामेल टिलमन आपल्या आईला घेऊन आला होता आणि तिलाच आपली पहिली अभिनयशिक्षिका म्हणाला. नाट्यमय मालिकेतल्या सहायक अभिनेत्याचा हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय कलाकार. अ‍ॅडोलेसन्सचा ओवेन कूपर अवघा १५ वर्षांचा, अभिनयासाठी एमी मिळवणाऱ्या पुरुषांत सर्वात लहान. पहिलंच काम आणि थेट एमी. आणि द पिटचा नोआ वायली. हा गडी नव्वदच्या दशकात ईआर या इस्पितळावरच्या मालिकेतल्या तरुण डॉक्टरच्या भूमिकेसाठी सलग पाच वर्षं नामांकित झाला होता, पाचही वेळा रिकाम्या हातानं परतला होता. आता पुन्हा डॉक्टरचीच भूमिका, पुन्हा इस्पितळच, आणि या वेळी मूर्ती हातात. त्यानं ड्युटीवर जाणाऱ्या आणि ड्युटीवरून परतणाऱ्या इस्पितळातल्या लोकांना पुरस्कार अर्पण केला. त्या क्षणी आमच्या समोरच्या इमारतीतली नर्स खरोखरच नाइट करून परत येत असणार, सातच्या पुढे वाजले होते.

कॅमेऱ्यांचा गुण कशासाठी, तेही सांगते, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. नाव पुकारल्यापासून विजेता माइकपर्यंत पोहोचेपर्यंतचे काही सेकंद हा सगळ्या रात्रीतला सर्वात अवघड भाग. एमीची मतमोजणी अर्न्स्ट अँड यंग ही हिशेब तपासणारी कंपनी करते, पाकीट फुटेपर्यंत पॅनेलवरच्या माणसालाही निकाल माहीत नसतो. म्हणून सगळ्या नामांकितांवर एकेक कॅमेरा रोखलेला असतो. नाव ऐकू आलं की दिग्दर्शक कॅमेऱ्याचा नंबर ओरडतो, पण बोट त्याच्या आधीच बटणावर गेलेलं असतं. आता त्या चेहऱ्यावर थांबायचं किती? लवकर कट केलंत तर नाव डोक्यात शिरल्याचा तो क्षण हुकतो. रेंगाळलात तर शेजारी बसलेला मिठी मारायला उठतो आणि फ्रेममध्ये फक्त त्याची पाठ. मग वाइड, लांबून घेतलेला शॉट, म्हणजे घरच्यांना कळतं की हा किती मागच्या रांगेत बसलाय. त्यावरूनच ओळखायचं की आयोजकांनाही तो जिंकेल असं वाटलं नव्हतं. मग स्टेडिकॅमवाला, म्हणजे अंगावर कॅमेरा बांधून चालणारा, उलट्या पावली पायऱ्यांकडे सरकत राहतो, आणि मध्येच कुठेतरी एक कट हरलेल्याकडे. हा हरलेल्याचा कट म्हणजे ज्याची त्याची चव. क्रूर माणूस तिथं दोन सेकंद जास्त थांबतो. या वर्षीची पॅनेलवरची व्यक्ती सभ्य होती. एवढ्यासाठी एक गुण दिलाच पाहिजे.

त्या रात्री प्रक्षेपणाची खरी परीक्षा मात्र स्टीफन कोल्बेअरनं घेतली. त्याचा लेट शो हा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम बंद करणार असल्याचं सीबीएसनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. सप्टेंबरमध्ये एमी दाखवणारी वाहिनी तीच. पहिलाच पुरस्कार द्यायला कोल्बेअर मंचावर आला तर अख्खं प्रेक्षागृह उभं. तो म्हणाला, तुमचं लक्ष आहेच तर विचारतो, कुणाकडे नोकरी आहे का? पुढे सर्वोत्कृष्ट टॉक सीरिजचा पुरस्कारही त्याच लेट शोला मिळाला आणि पुन्हा सगळे उभे. ज्या वाहिनीनं कार्यक्रमाला नारळ दिला तिच्याच पडद्यावर, तिच्याच पैशांनी, त्या कार्यक्रमासाठी टाळ्या थांबत नव्हत्या, आणि थेट प्रक्षेपण असल्यामुळे कुणाला कात्री लावता येत नव्हती.

आपल्याकडे हे घडलं असतं का? आपल्याकडे बहुतेक सोहळे आधी रेकॉर्ड होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी, सणासुदीचा रविवार बघून, चार तासांचा महासोहळा म्हणून दिसतात. मुळात झी मराठी असो की स्टार प्रवाह, त्यांचे पुरस्कार त्यांच्या स्वतःच्याच मालिकांसाठी असतात, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट कुटुंब. ते घरचं हळदीकुंकू आहे, आणि तसंच बघितलं तर त्यात मजा आहे. माझी तक्रार त्या वाटपाबद्दल नाही, टाळ्यांबद्दल आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी फ्लोअर मॅनेजर प्रेक्षकांकडून हसण्याचे, टाळ्यांचे, डोळे पुसण्याचे शॉट घेऊन ठेवतो. आमच्याकडे त्याला बँक म्हणतात. मग एडिटमध्ये जिथं हशा कमी पडला तिथं बँकेतून काढून चिकटवायचं. एका सोहळ्यात तर पिवळ्या पैठणीतल्या एका बाई ज्या विनोदावर पोट धरून हसताना दिसल्या, तो विनोद मंचावर झाला तेव्हा त्या पार्किंगमध्ये गाडीची वाट बघत होत्या. मीच ऑनलाइन केलं होतं, मला पक्कं ठाऊक. वाहिनीचं नाव सांगणार नाही, अजून एक बिल अडकलंय.

हाच डाव २०२० च्या एमीनं चक्क उघड करून दाखवला होता, आणि माझ्या लेखी तो एमीच्या इतिहासातला सर्वात हुशार पाच मिनिटांचा तुकडा. कोविडचे दिवस. सूत्रसंचालक जिमी किमेल मंचावर येऊन विनोद करतोय आणि खचाखच भरलेलं सभागृह हसतंय, नामवंत चेहरे टाळ्या देतायत. बघणारा बुचकळ्यात, अरे, एवढी गर्दी जमवलीच कशी? मग कॅमेरा मागे जातो आणि दिसतं रिकामं स्टेपल्स सेंटर. हशा, टाळ्या, चेहरे, सगळे जुन्या सोहळ्यांच्या फुटेजमधले. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं गुपित त्यांनी सलामीलाच फोडलं, आणि त्यानंतर सगळी रात्र बहुतेक विजेते आपापल्या घरातून बोलले. शिट्स क्रीकनं विनोदी मालिकांचे त्या रात्रीचे सातही पुरस्कार नेले. प्रेक्षक कमी मिळाले म्हणे, पण मला तो सोहळा कितीही वेळा दाखवा.

२०२५ मध्ये परत येऊ. मधल्या भरणा विभागाबद्दल थोडक्यात. गिलमोर गर्ल्स या जुन्या मालिकेतल्या घराचा व्हरांडा उभा केला होता, गोल्डन गर्ल्सला चाळीस वर्षं झाली म्हणून रीबा मॅकएन्टायरनं शीर्षकगीत गायलं. अमेरिकन माणसाला भरून आलं असेल, आम्ही दोघींनी तेवढ्यात पोह्यांना फोडणी दिली. दिवंगतांना आदरांजली मात्र बघण्यासारखी झाली. फिलिशा रशादनं आपला पडद्यावरचा मुलगा माल्कम जमाल वॉर्नर याची आठवण काढली आणि मग व्हिन्स गिल, लेनी विल्सन गायले. अशा भागात गाणारा महत्त्वाचा की पडद्यावरची नावं, हा दरवर्षीचा वाद असतो. गायकाच्या क्लोजअपपायी मागची चार नावं वाचताच येत नाहीत. या वेळी नावं वाचता आली.

प्रेक्षकसंख्या ७४ लाखांच्या वर गेली म्हणून सीबीएस खूश होती. ७५व्या एमीला तो आकडा ४३ लाखांवर घसरला होता, तेव्हा खूश व्हायला हरकत नाही. पण ते मीटरमुळे झालं असं कुणी म्हणू नये.

मधल्या एका जाहिरातीत सासूबाईंनी विचारलं, "ह्यांच्यात सर्वोत्कृष्ट सासू नसते का गं?" नसते, पण त्यांना मी सुझन लूचीची गोष्ट सांगितली. दुपारच्या मालिकांसाठी तिकडे डेटाइम एमी हा वेगळा सोहळा आहे. ऑल माय चिल्ड्रन ही मालिका १९७० साली सुरू झाली आणि तेव्हापासून लूची त्यात एरिका केन करत होती. हट्टी, देखणी, लग्नांवर लग्नं करणारी बाई. नामांकन मिळायचं, पुरस्कार दुसरीला. असं एकदा-दोनदा नाही, अठरा वेळा. अमेरिकेत तिच्या हरण्यावर विनोद व्हायला लागले आणि ती स्वतःही त्यात हसत सामील व्हायची. १९९९ च्या मे महिन्यात, न्यू यॉर्कमध्ये, एकोणिसाव्या नामांकनाला पाकीट उघडलं अभिनेता शेमार मूरनं, आणि नाव वाचायच्या आधी तो ओरडला की ती हरण्याची मालिका खंडित झाली. पुढची कितीतरी मिनिटं टाळ्या थांबेनात, प्रेक्षकांत लोक ढसाढसा रडतायत, आणि लूची बोलायला तोंड उघडते आणि पुन्हा मिटते. तिला कुणी ४५ सेकंद लावले असते तर? टाळ्यांतच देणगी बुडाली असती. ही क्लिप मी सासूबाईंना लगेच मोबाइलवर दाखवली. त्यानंतर मुख्य एमीतला त्यांचा रस जरा कमी झाला, हे कबूल करायला हवं.

एमी सोडून बाकीच्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात, म्हणून घाईघाईत. ब्रिटनचे बाफ्टा टेलिव्हिजन पुरस्कार लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये होतात आणि बीबीसी वन ते थोड्या उशिरानं, कापून-छाटून दाखवते. मी थेटची कट्टर असूनही बाफ्टाला झुकतं माप देते, कारण तिथली कात्री बहुधा फाफटपसाऱ्यावर चालते. शिवाय तिथं पुरस्काराला वजन येतं ते विषयामुळे. २०२५ मध्ये मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिसला पुरस्कार मिळाला. सदोष कॉम्प्युटर प्रणालीमुळे चोर ठरवल्या गेलेल्या पोस्टमास्तरांची ती खरी गोष्ट. मालिका दिसल्यावर लोक इतके खवळले की सरकारला कायदा करून त्यांच्यावरचे कलंक पुसावे लागले. २०२३ मध्ये त्यांनी भारतीय वंशाच्या अभिनेत्री मीरा स्यालला फेलोशिप हा मोठा सन्मान दिला, तेही मनाला बरं वाटलं. मूर्ती मला एमीपेक्षा आवडते, मित्झी कन्लिफनं १९५५ मध्ये घडवलेला तो मुखवटा. मागच्या बाजूला एका डोळ्याभोवती इलेक्ट्रॉनची खूण आणि दुसऱ्याभोवती पडदा आहे, ते समोरून कधीच दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाचे लोगी पुरस्कार मनोरंजन म्हणून सगळ्यांत वरचढ. गोल्ड लोगी म्हणजे लोकांच्या मतांवर ठरणारा सर्वात लोकप्रिय चेहरा, आणि मतं म्हटली की प्रचार आलाच. २०१९ मध्ये टॉम ग्लीसन नावाच्या विनोदी कलाकारानं या सगळ्या प्रकाराची टिंगल करत प्रचार केला आणि जिंकूनही दाखवलं, काही मंडळी अजून चिडलेली असतील. २०२५ मध्ये तो लिन मॅकग्रेंजरला मिळाला, होम अँड अवे मालिकेत तेहेतीस वर्षं एकच भूमिका केल्याबद्दल म्हणा ना. आपल्या दैनंदिन मालिकांच्या कलाकारांनी हे एकदा तरी बघावं.

आंतरराष्ट्रीय एमी हे प्रकरण वेगळं. न्यू यॉर्कमध्ये नोव्हेंबरात, जेवणाची टेबलं मांडलेल्या हॉलमध्ये, धंद्यातल्या लोकांनी धंद्यातल्या लोकांसाठी केलेलं. आपल्या बातम्यांत फक्त एमी असं येतं ते बहुतेक वेळा हे असतं. दिल्ली क्राइमला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमय मालिकेचा मान मिळाला तो इथं, आणि पुण्याच्या राधिका आपटेचं २०१९ चं नामांकनही इथलंच. २०२३ मध्ये वीर दासला डेरी गर्ल्सबरोबर विनोदी मालिकेचा पुरस्कार विभागून मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सूत्रसंचालनही त्यानंच केलं.

माझ्या जातीचे लोक मात्र यातल्या कुठल्याच झगमगाटात दिसत नाहीत. संकलन, ध्वनी, छायालेखन, आणि हो, पॅनेलवर बसणाऱ्यांचा गटसुद्धा, सगळे क्रिएटिव्ह आर्ट्स एमीमध्ये, मुख्य सोहळ्याच्या आठवडाभर आधी, दोन रात्री. २०२५ मध्ये द स्टुडिओ मालिकेच्या तेरा एमींपैकी नऊ तिथंच मिळाले. अ‍ॅडोलेसन्सचा प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलाय, त्या कॅमेऱ्याचं कौतुकही तिथंच झालं. सार्वजनिक प्रसारणाला पैसा पुरवणाऱ्या आणि त्याच वर्षी सरकारनं निधी तोडलेल्या संस्थेला गव्हर्नर्स पुरस्कारही तिथंच दिला गेला. या क्रिएटिव्ह आर्ट्स सोहळ्याचं कापलेलं प्रक्षेपण एका बाजूच्या वाहिनीवर येऊन जातं. पहिली एमी १९४९ मध्ये झाली तेव्हा तिकीट ५ डॉलर होतं, पुरस्कार मोजके, सगळे एकाच खोलीत. पहिली मूर्ती मिळाली शर्ली डिन्सडेल या बावीस वर्षांच्या मुलीला, बोलक्या बाहुलीचे खेळ करण्याबद्दल. आपल्याकडे ती रामदास पाध्यांच्या अर्धवटरावांना मिळाली असती.

तर ज्यांना तीन तास काढता येणार नाहीत त्यांनी असं करा. २०२५ ची फक्त चार भाषणं शोधून बघा, हिलर, टिलमन, कूपर, वायली, आणि कोल्बेअरचं पहिलं आगमन. किमेलची २०२० ची सलामी बघा. लूचीचं १९९९ बघा, पण आवाज थोडा कमी ठेवून, टाळ्या फार आहेत. २०२६ ची पाळी एनबीसीची. मी पॅनेलवरच्या माणसाला बघायला बसणारच, सासूबाईंची अट एवढीच आहे की या खेपेला पोह्यांची फोडणी जाहिरातीतच आटपायची.